क्रोशाची नाडीची सॅक: बुडाची टोपी झाली, पिशवी लांबली, तोंड मिटत नाही आणि शर्ट गुलाबी

जुना_जॉबर (सोलापूर)

नमस्कार. या विभागात बाप्याचं काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल तर आधीच सांगतो, माझं आयुष्य विणण्यातच गेलंय. सुईवर नाही, मागावर. आधी चादरीच्या आणि मग टॉवेलच्या कारखान्यात मिळून ३८ वर्षं जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बंद पडला की ज्याच्या नावानं सगळे ओरडतात तो माणूस. धोटा उडाला, वई तुटली, जेकार्डची दोरी सुटली, की लगेच "ओ जॉबर!" आता घरी बसून आहे. तर क्रोशा.

नात पाचवीत आहे. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. होम मैदानावर एका दुकानात दोन नाड्यांची पाठीवर लावायची सॅक टांगली होती, क्रोशाची. पोरगी तिथंच थांबली. "ताता, असली पाहिजे." दुकानदार ४५० म्हणाला. मी हातात घेऊन बघितली, काम सैल, सूत कच्च्या पिळाचं. बोलून गेलो, "याच्यापेक्षा चांगली मी घरी करतो." बोललो ते बोललो. पोरीनं लक्षात ठेवलं, रोज विचारायला लागली.

सुताची अडचण नाही. आमची शेड बंद झाली तेव्हा मालकांनी अर्धवट कोनांचं, म्हणजे सूत गुंडाळलेल्या शंकूंचं, एक पोतं दिलं होतं. २/२० चं रंगीत सूत, चादरीसाठी आलेलं, सायझिंगच्या आधीचं, म्हणजे खळ नाही. ज्यांना ही भाषा नवी आहे त्यांच्यासाठी: २/२० म्हणजे २० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले, जाडीला १० नंबर. एका पौंडात ८४० यार्डाच्या जितक्या लड्या बसतील तितका सुताचा नंबर, म्हणून नंबर वाढला की सूत बारीक. मी आठ कोन शेजारी मांडले आणि आठ धागे एकत्र धरले. हिशेबानं १०० ग्रॅमला साधारण २१० मीटर बसतं. सुनेनं ४ मिलिमीटरची सुई आणून दिली आणि साखळी आणि खांब शिकवले. पुढं तिला ड्युटी लागली आणि मी आणि सुई दोघंच राहिलो. ती जाताना मैत्रिणीकडून एका इंग्रजी पानाची झेरॉक्स देऊन गेली, नाडीच्या सॅकची. त्यात सगळीकडे "डबल क्रोशे" लिहिलंय. यूट्यूबवर बाई डबल क्रोशे म्हणून जे दाखवते ते म्हणजे सुईला एक वेढा घेऊन घातलेला उंच खांब. मी तेच केलं. आता तक्रारी ऐका.

पहिली, बूड. पानावर लिहिलंय, ६ नं सुरू करा आणि प्रत्येक फेरीत ६ वाढवा. मी तसंच केलं. पाचव्या फेरीला कडा वर उचलायला लागल्या आणि आठव्या फेरीला सरळ टोपी. बायकोनं ती डोक्यावर घालून बघितली आणि मग माठावर ठेवली. बायकोनं ३० वर्षं विड्या वळल्यात, हजाराच्या हिशेबानं, तिच्या बोटांपुढं माझी बोटं म्हणजे लाकडं. माझ्या टोपीला ती तेलुगूत जे म्हणाली ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला मी पान बाजूला ठेवलं आणि नजरेनं वाढवत गेलो, बूड बऱ्यापैकी सपाट आलं.

दुसरी, लांबणं. पिशवी टेबलावर मोजली तर ३८ सेंटिमीटर उंच. डबा, पाण्याची बाटली आणि उड्या मारायची दोरी भरून रात्री खुंटीला टांगली. सकाळी ४६! कापडाला असं होत नाही. मागावर ताणा उभा, बाणा आडवा, एक ताणला तर दुसरा धरून ठेवतो. इथं एकच धागा स्वतःला धरून आहे, आणि मला वाटतं फार विश्वासानं धरत नाही. शिवाय भोकं एवढी की पेन्सिल बाहेर येते.

तिसरी, तोंड. भोकांची फेरी केली, एक लांब नाडी सगळीकडून ओवली आणि दोन्ही टोकं बुडाच्या दोन बाजूंना बांधली. ओढली की एका बाजूला सगळा गोळा होतो, दुसरी बाजू तशीच आ वासून. पाठीवर एक पट्टा आखूड, एक लोंबता.

चौथी गोष्ट लिहायला नको वाटतं. पोरगी ऐकेना, म्हणून तशीच घेऊन गेली. शनिवार, सकाळची शाळा, पांढरा ड्रेस. आमच्याकडं फेब्रुवारीच्या शेवटाला साडेअकराचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. घामानं पाठ भिजली आणि मरून सुतानं शर्टावर पिशवीचा फोटो काढला, खांबन्‌खांब मोजता येतील असा. सून शर्ट हातात घेऊन काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तर माझं कुठं चुकलं? सगळं उसवायची तयारी आहे. पण यावेळी कारण कळल्याशिवाय सुईला हात लावणार नाही.

---

हुतात्माची_खिडकी

काका, मी पुण्याला निघालोय गाडीत, समोरच्या सीटवरची बाई विचारतायत एकटाच का हसतोय. त्यांनाही वाचून दाखवलं. उत्तर माहीत नाही, पण माठावरच्या टोपीचा फोटो टाका.

---

मुका_खांब (लातूर)

काका, तुमच्या पहिल्या दोन तक्रारी एकाच आईच्या पोटच्या आहेत. ती झेरॉक्स घ्या आणि त्यावर "सिंगल क्रोशे" हे शब्द कुठं आहेत का शोधा. मला वाटतं सापडणार नाहीत. तसं असेल तर ते पान ब्रिटिश पद्धतीचं आहे, आणि तुम्ही बघितलेला व्हिडिओ अमेरिकन पद्धतीचा.

दोघांकडे टाके तेच, नावं मात्र एक घर सरकलेली. अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्याला इंग्लंडात डबल म्हणतात. इंग्लंडातला डबल म्हणजे आपला मुका खांब, सुईला वेढा न घेता घातलेला ठेंगणा टाका. अमेरिकेतला डबल म्हणजे आपला साधा खांब. त्यांचं पान मुका खांब सांगत होतं आणि तुम्ही खांब घातलात. ब्रिटिश पानात "सिंगल" हा शब्द टाक्याच्या नावात सहसा येत नाही, म्हणून ओळखायला ही सोपी खूण. माझी आई दोन्ही नावं न वापरता मुका खांब, अर्धा खांब, खांब, लांब खांब असंच म्हणायची. तेव्हा गावठी वाटायचं. आता क्लासमध्ये मीही तेच शिकवते, कारण त्यात गोंधळ होत नाही.

आता टोपी का झाली ते. तुम्ही हिशेबाचे माणूस, तुम्हाला पटेल. वर्तुळाच्या प्रत्येक फेरीला परीघ किती वाढायला हवा? फेरीच्या उंचीच्या सहापट आणि थोडा जास्त, शाळेतलं २२/७ आठवा. मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच असतो, म्हणून दर फेरीला ६ वाढले की सपाट बसतं. खांब त्याच्या जवळपास दुप्पट उंच, त्याला १२ लागतात. तुम्ही उंची खांबाची घेतलीत आणि वाढ मुक्या खांबाची. परीघ कमी पडला, कडा वर उचलल्या, टोपी झाली. उलट वाढ जास्त झाली असती तर कडेला झालर आली असती.

लांबण्याचंही तेच. खांब उंच म्हणजे दोन टाक्यांमध्ये सळसळायला जागा. ओझं पडलं की तो आणखी उंच होतो आणि बारीक होतो. मुका खांब दाट असतो, त्याला हलायलाच वाव कमी. तरी सुती धागा थोडा लांबतोच, लोकरीसारखा परत आखडत नाही. म्हणून तीन गोष्टी: मुका खांब, सुई ४ ऐवजी साडेतीनची, आणि आतून मांजरपाटाचं अस्तर. अस्तर पिशवीपेक्षा उंचीला दोन सेंटिमीटर कमी शिवा. बाकीचे लोक मापाला माप शिवतात, मग ओझं क्रोशावर पडतं आणि अस्तर आत चुरगळत बसतं. कमी शिवलं की डबा-बाटलीचा सगळा भार मांजरपाटावर येतो आणि तुमचा क्रोशा नुसता मिरवतो.

आणि एक, गोल बूड हवंच कशाला? पाठीवरच्या पिशवीला सपाट बूड चांगलं, पाठीला चिकटून बसते. ५१ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुरू करून एका बाजूनं मुके खांब घालत जा, शेवटच्या साखळीत ३ घाला, तसंच वळून साखळीच्या दुसऱ्या बाजूनं परत या, आणि सुरुवातीच्या साखळीत आणखी २. एकूण १०२ भरतील. शिवण नाही, बुडाला जोड नाही. त्यापुढं वाढवणं बंद, फक्त गोल गोल वर.

नाडीचं रात्री लिहिते, क्लास भरलाय.

---

सरळ_बोलतो

टॉवेलच्या गावात राहून सुईनं पिशवी. एक टेरी टॉवेल घ्या, तीन बाजू शिवा, नाडी घाला. अर्ध्या तासाचं काम. हौसेला मोल नाही हे ठीक, पण एवढा खटाटोप?

---

जुना_जॉबर (सोलापूर)

@सरळ_बोलतो: टॉवेल करण्यात माझा जन्म गेला, त्याच्याबद्दल एक शब्द वाईट ऐकून घेणार नाही. पण टेरीला दोन्ही अंगांनी फंदे असतात. ते पाणी प्यायलाच केलेले आहेत. बाटली गळली की पिशवी पाव किलोनं जड, आणि पेनाचं टोक फंद्यात अडकलं की लांबच लांब धागा ओढला जातो. अंग पुसायला ठेवा.

@मुका_खांब: ताई, झेरॉक्स काढली. दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा. "सिंगल" कुठंही नाही! एका शब्दानं महिना घालवला माझा. ३८ वर्षं मी पोरांना सांगायचो, भीमावरची, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावरची, चिठ्ठी आधी वाचा मग माग चालू करा, आणि स्वतः चिठ्ठी कुठल्या कारखान्याची ते बघितलं नाही.

काल सगळं उसवलं. टोक धरून ओढत गेलो. १५ मिनिटांत महिन्याभराचं काम परत गुंड्यात. मला याचं फार नवल वाटलं. आमच्याकडं चूक झाली की ती कापडात राहते, मग तो माल सेकंडला, म्हणजे दुय्यम मालात, जातो आणि तुम्ही मालकासमोर उभे. इथं चूक परत सूत होते. माठावरची टोपी मात्र बायकोनं उसवू दिली नाही.

पण सूत आता कुरळं झालंय, शेवयांसारखं. आणि रंगाचं काय? बायको म्हणते मिठाच्या पाण्यात भिजवा, शेजारीण म्हणते व्हिनेगर.

---

रंगपेटी_अक्कलकोट_रोड

काका नमस्कार. मी रंगाईत आहे, एमआयडीसीतच. बगा, मीठ आणि व्हिनेगर दोन्ही ठेवून द्या, स्वयंपाकात वापरा.

मीठ आम्ही पण टाकतो, पोत्यानं टाकतो. पण ते रंगवताना. पाण्यातला रंग सुताकडं ढकलायला त्याचा उपयोग. एकदा रंगवून झालेलं सूत मिठात घालून रंग पक्का होत नाही. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या रंगांना लागतं, सुताला त्याचा काही फायदा नाही. लोकांना वाटतं पक्का झाला, कारण मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटतो. पुढच्या साध्या पाण्यात परत सुटतो.

तुमच्या मरूनमध्ये झालंय असं की काही रंग सुताला नीट धरलाच नाही, नुसता वर बसलाय. कारखान्यात रंगवल्यावर तो साबणाच्या उकळत्या पाण्यात धुऊन काढायचा असतो. घाई असली की तिथंच एक धुणं कमी होतं. चादरीत फार कळत नाही, घामात भिजलेल्या पाठीवर लगेच कळतं. म्हणून ते राहिलेलं धुणं आता तुम्हीच काढा.

गुंडा धुवू नका. आतपर्यंत पाणी जात नाही, आणि वाळल्यावर डाग पडतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाठ, म्हणजे दोरा लडीतून जातो पण आवळत नाही. कडक आवळलं की त्या जागी धुणं होत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळीच्या जवळ आणा, साधी साबणाची पूड चमचाभर, लडी २० मिनिटं. काठीनं वरखाली करा, ढवळू नका, नाहीतर गुंता तुमचा. पाणी फेका. परत नवीन गरम पाणी. पाण्याला रंग येणं थांबेपर्यंत. चार-पाच वेळा लागेल. मरून वेगळं, पिवळं वेगळं, एका पातेल्यात नको.

वाळवताना लडीला खाली पाण्यानं भरलेली तांब्याएवढी बाटली अडकवा. कुरळेपणा जातो.

शेवटी तपासणी. पांढऱ्या मलमलीचा ओला तुकडा सुतावर ठेवून गरम इस्त्री दाबा, आणि मग तोच ओला तुकडा सुतावर दहा-बारा वेळा घासून बघा. दोन्ही करा. काही लाल रंग पाण्यात सुटत नाहीत पण घासले की उतरतात. घासून पांढरा राहिला तर पाठीला लावा. नाही राहिला तर मरून फक्त पुढच्या बाजूला आणि पाठीला कच्चं सूत, म्हणजे न रंगवलेलं. माझ्या पोरीची असती तर मी तेच केलं असतं.

---

मुका_खांब (लातूर)

नाडी. काका, एक नाडी नाही, दोन. तुमचा बटवा आठवा, आजीचा, पानसुपारीचा. त्याला एका बाजूनं एक आणि दुसऱ्या बाजूनं दुसरी अशा दोन नाड्या असायच्या, दोन्हीकडून ओढलं की तोंड मिटायचं. ही सॅक म्हणजे त्या बटव्याची थोरली बहीण. फक्त नाडीची टोकं मोकळी न सोडता खाली कोपऱ्यात नेऊन बांधायची, की तिचेच पट्टे होतात.

पिशवी ३६ सेंटिमीटर झाली की भोकांची फेरी: १ खांब, २ साखळ्या, खालचे २ टाके सोडा, परत १ खांब. १०२ ला ३ नं भाग जातो, ३४ भोकं येतील. भोकं सम हवीत, विषम झाली तर नाडीचं एक टोक पिशवीच्या आत राहतं आणि मग लोक मला फोन करतात. वर आणखी ४ फेऱ्या मुक्या खांबाच्या, म्हणजे नेफ्याला बळ येतं.

पहिली नाडी उजव्या घडीपासून आत घाला, भोकाभोकातून आतबाहेर करत पूर्ण गोल फिरवून उजवीकडेच बाहेर काढा. दोन्ही टोकं उजव्या खालच्या कोपऱ्यात. दुसरी डाव्या घडीपासून तशीच, टोकं डाव्या कोपऱ्यात. पहिली जिथं आत आहे तिथं दुसरी बाहेर आली पाहिजे.

लांबी: तोंडाचा परीघ अधिक उंचीची दुप्पट अधिक गाठीला थोडं. ६४ अधिक ८० अधिक १५, म्हणजे १६० च्या आसपास, लहान मुलीसाठी. मोठ्या माणसाला १८० घ्या. साखळीची नाडी करू नका, ओझ्यानं लांबते आणि खांदा कापते. पिळाची करा. त्यासाठी धागे तिप्पट लांब घ्यायचे, पिळायचे, मध्ये दुमडायचे, की दोन पदर आपोआप एकमेकांवर बसतात. दोन माणसं लागतात, किंवा एक माणूस आणि दाराची कडी.

---

जुना_जॉबर (सोलापूर)

२३ दिवस झाले, उशिराबद्दल माफी. आधी रंग.

सहा वेळा पाणी बदललं. पहिलं पाणी बघून बायको म्हणाली, एवढा रंग तर होळीला पण होत नाही. सहावं पाणी स्वच्छ आलं. इस्त्रीची परीक्षा पास. घासायच्या परीक्षेत मरून नापास, हलका गुलाबी उतरला. रंगपेटी भाऊ, तुमचं ऐकलं, पाठ कच्च्या सुताची केली. पण गोल विणताना अर्धी फेरी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची हे डोकेदुखीचं काम निघालं. दोन बाजूंच्या घडीवर धागा बदलावा लागतो. दोन्ही गुंडे एका दिशेनं फिरवत गेलो तर ज्या रंगाची गरज तो नेहमी पलीकडं. शेवटी प्रत्येक फेरी संपल्यावर स्लिप स्टिचनं जोडून उलटा फिरलो, मग धागा जिथं सोडला तिथंच परत भेटतो. यात आणखी एक फायदा झाला. आधीच्या पिशवीत गोल गोल जाताना टाके हळूहळू तिरके सरकत होते, घडी कुठल्या कुठं जायची, टॉवेल तिरका आल्यासारखं. उलट-सुलट फिरल्यावर एक फेरी इकडं सरकते, एक तिकडं, आणि घडी सरळ उभी राहिली.

१०२ टाके, ६८ फेऱ्या. सात हजाराला थोडे कमी. रोज संध्याकाळी बायको टीव्ही बघते तेव्हा चार-पाच फेऱ्या. पहिल्या दहा फेऱ्यांत हाताचा ताण कमी-जास्त होता, तो भाग जरा फुगलाय. बुडाशी आहे म्हणून चालवून घेतलं. मालक असता तर सेकंडला टाकली असती.

नाडीची मजा सांगतो. दाराची कडी मला पटली नाही. हँड ड्रिलला पडद्याचा हुक बसवला, पाच मीटर धागे दुसऱ्या टोकाला खिडकीच्या गजाला बांधले, आणि ड्रिल फिरवलं. किती पिळायचं? धागा सैल सोडला की स्वतःभोवती गाठ मारायला लागतो, तोपर्यंत. मग मध्यभागी नातीनं बोट धरलं, मी टोक खिडकीपाशी नेलं, आणि तिनं बोट सोडलं. दोरी जी फिरली! पोरगी किंचाळली. तिला तीनदा परत करायचं होतं. दोन नाड्या हव्या होत्या, चार झाल्या.

आणि ओवताना एक गोष्ट लक्षात आली. एक नाडी आत असते तेव्हा दुसरी बाहेर, पुढच्या भोकाला उलट. ताई, हे साधं कापड आहे हो! एक वर एक खाली. नेफ्यात दोन धाग्यांचा माग बसवलाय. मी तिथंच सुई ठेवली आणि बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, बरं.

मांजरपाटाचं अस्तर तिनंच शिवलं, मशीनवर, दोन सेंटिमीटर कमी. तेच सामान भरून परत रात्रभर टांगली. संध्याकाळी टेबलावर ३९, सकाळी साडेएकोणचाळीस. अर्धा सेंटिमीटर मान्य आहे.

अजून दोन कुरबुरी आहेत. पहिली, तोंड उघडं असताना पट्टे बरोबर, पण मिटलं की फार लांब होतात आणि पिशवी खाली मांडीपर्यंत येते. दुसरी, कोपऱ्यातल्या गाठी. पोरगी रिक्षात पाठ टेकून बसते तेव्हा टोचतात म्हणते. शिवाय एका कोपऱ्यात नाडी फक्त दोन टाक्यांना धरून आहे, ते टाके आत्ताच ओढल्यासारखे दिसतायत.

---

मुका_खांब (लातूर)

रात्रभर टांगलेली वाचून बरं वाटलं, निम्मे लोक न टांगताच फोटो टाकतात.

पट्टे मिटल्यावर लांब होणारच. तोंडाभोवती जी ६४ सेंटिमीटर नाडी होती ती मिटताना बाहेर येते, प्रत्येक बाजूच्या दोन पदरांत वाटून ३२-३२. म्हणून माप नेहमी तोंड मिटून, पोरीच्या पाठीवर लावून घ्यायचं. मात्र कमी करताना तोंड पूर्ण उघडतंय ना तेही बघा, नाहीतर डबा आत जायचा नाही. सात-आठ सेंटिमीटर कापा, पुढं मूल वाढतं. फार फरक पडला नाही तर तोंड तेवढं उघडायची गरज नाही हे मान्य करा आणि आणखी कापा.

कोपऱ्याला गाठ नकोच. गोधडीच्या दोऱ्यानं मांजरपाटाची एक दुहेरी पट्टी, चार सेंटिमीटरची, अस्तराच्या शिवणीत घालून शिवा आणि तिचा फासा क्रोशाच्या कोपऱ्यातून बाहेर काढा. म्हणजे ओढ अस्तराला, टाक्यांना नाही. नाडीची दोन्ही टोकं त्या फाशातून घालून एकावर एक तीन सेंटिमीटर ठेवा, सपाट शिवा, वरून दोरा गुंडाळा. गाठ नाही, टोचणं नाही. ओढलेले दोन टाके मागून त्याच सुतानं रफू करा.

---

जुना_जॉबर (सोलापूर)

अस्तर परत उसवावं लागणार म्हणजे. बायकोला अजून सांगितलं नाही. ती माठ भरतेय, झाल्यावर बोलतो.